आधी पाव फेरा

एकोणिसाव्या झाकणापाशी भाचीच्या चपलेचा अंगठा तुटला. तोवर दोघी दीड तास चालल्या होत्या आणि अजून तेहेतीस झाकणं बाकी होती. मावशीने खांद्यावरची लांब लोखंडी चावी भिंतीला टेकवली, कमरेच्या पिशवीतून तारेचा तुकडा काढला आणि रस्त्याच्या कडेलाच बसकण मारून चप्पल मांडीवर घेतली.

"ही चप्पल टेबलाखाली ठेवायची असते," ती म्हणाली. "चालायची वेगळी."

भाचीने तेवढ्या वेळात वहीची मागची पानं तपासून घेतली. वही तिने स्वतः आखली होती. नंबर, जागा, किती फेरे, उघडायची वेळ, बंद करायची वेळ आणि शेरा. शेऱ्याचा रकाना तिने बोटभर रुंदीचाच ठेवला होता, कारण शेऱ्यात असून असून काय असणार, असं तिला वाटलं होतं. आता सतरा आणि अठरा नंबरचे शेरे रकान्यातून बाहेर पडून समासात चढले होते आणि तिच्या जिवाला ते खुपत होतं. शाळेपासून तिचं अक्षर मोत्यासारखं, वह्या नववधूसारख्या.

भाची पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून होती. मावशी त्याच ऑफिसची, पण ऑफिसात कधी न दिसणारी. गेली एकोणतीस वर्षं रोज पहाटे ती चावी खांद्यावर टाकून निघायची आणि बावन्न व्हॉल्व्ह सांभाळत अर्ध्या गावाला पाणी सोडायची. गल्लीगल्लीत तिला चावीमावशी म्हणत. येत्या शनिवारी ती निवृत्त होणार होती आणि सोमवारपासून तिच्या जागी नवी मुलगी येणार होती. कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे मावशीच्या डोक्यात होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. जुनी नोंदवही होती, पण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसचंच छप्पर गळलं आणि कपाटातल्या वहीचा लगदा झाला. उरली ती फक्त नंबरांची आणि जागांची यादी, आणि तिच्या डोक्यावर 'पूर्ण उघडा' एवढीच सूचना.

साहेबांनी भाचीला बोलावून सांगितलं होतं, की नुसती वही हातात घेऊन सोमवारी कोणालाही पाणी सोडता आलं पाहिजे. एक आकडा चुकला तर एखादी गल्ली कोरडी राहील, नाहीतर पाइप फुटेल. मावशीही तुझी, वहीही तुझी, असं म्हणून ते हसले होते. भाचीला मात्र दोन दिवस नीट झोप नव्हती.

चप्पल बांधून झाल्यावर मावशीने आकड्याने झाकण उचललं, चावी खाली सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि पाव फेरा फिरवला. मग थांबली. चावीच्या वरच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. देवापुढे उभं राहावं तशी ती उभी होती. खालून आधी हवेचा सुस्कारा आला, मग पाण्याची खळखळ. मग तिने सावकाश उरलेले फेरे दिले.

"किती?" भाचीने विचारलं.

"साडेचार."

"यादीत पूर्ण उघडा म्हणून आहे. सगळेच पूर्ण उघडायचेत."

मावशीने झाकण बसवत सांगितलं, की हा पूर्ण उघडला तर खालची गल्ली अंगण धूत बसते आणि चढावरच्या गल्लीत नळाला नुसती हवा येते. साडेचारवर दोघांनाही पुरतं. शाळेला सुट्टी लागली की चार, कारण वर शाळा आहे. शाळेत परीक्षा असल्या की पाच.

"परीक्षेला पाच कशाला?"

"पोरं घाबरली की पाणी जास्त पितात," मावशी म्हणाली.

भाचीने साडेचार लिहिलं, कंसात चार आणि पाच लिहिलं, आणि शेरा पुन्हा समासात गेला.

मावशीचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. तिचा नवरा याच कामावर होता. ती एकोणतिशीत असताना तापाने गेला. पदरात एक मुलगा होता. ऑफिसने तिला नवऱ्याच्या जागी घेतलं, पण चावी दिली नाही. बाईमाणसाला ती पेलायची नाही म्हणून चहाचे कप धुवायला लावलं. सहा महिन्यांनी चावीवाला आजारी पडला, दोन दिवस गाव बोंबलत राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी ही कप तसेच मोरीत ठेवून चावी उचलून चालू लागली. लोक खिडक्यांतून हसत होते. पाणी आल्यावर भांडी भरायला गेले.

पुढे मुलगा शिकला, दुसऱ्या गावी नोकरीला लागला. मावशी दोन खोल्यांत राहिली. एक खाट, एक रेडिओ, भिंतीवर देवाची तसबीर आणि खिडकीत एक कुंडी, जिला ती शेजारणीच्या म्हणण्याप्रमाणे पाण्यात बुडवून मारत होती. निवृत्तीनंतर काय करणार, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, सकाळी सहा वाजता अंथरुणातून बाहेर काय दिसतं ते एकदा बघायचंय. भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, नेहमी म्हणे, की आमच्या घरात देवाने पदवी एकीला दिली आणि अक्कल दुसरीला, आता दोघींनी वाटून खावं.

भाचीला ते बोलणं लागायचं. हुशार म्हणून ती घरात गाजलेली. तेरा वर्षांची असताना शहाणपणावर निबंध लिहून तिने शाळेत बक्षीस मिळवलं होतं. शहाणा माणूस बोलण्याआधी विचार करतो, संकटात डगमगत नाही, असं दोन पानभर. संध्याकाळी तिने तो मावशीला वाचून दाखवला. मावशीने हातातलं काम बाजूला ठेवून तो पुरता ऐकला. छान आहे म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण यात कोणी चुकतच नाही गं." भाचीला त्या वेळी वाटलं होतं, की मावशीला निबंध कळला नाही.

चोविसाव्या झाकणापाशी एक शिंपी दुकानातून बाहेर आला आणि मावशीला बसायला स्टूल देऊन गेला. समोरच्या लाँड्रीवालीने लगेच दुसरं आणून ठेवलं. मावशी दोन्हींवर बसली नाही, चावी एकावर आणि पिशवी दुसऱ्यावर ठेवली. पुढे गेल्यावर भाचीने विचारलं तेव्हा तिने हकिकत सांगितली. या दोघांचं एकदा पाण्यावरून इतकं जुंपलं होतं, की एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते. तो म्हणे ही पंप लावून माझं पाणी ओढते, ती म्हणे हाच चोर. ऑफिसात अर्जांवर अर्ज. मावशी गेली, दोघांच्या मधल्या पाइपावर चावी टेकवून कान लावला, आणि मग आधी त्याला आणि मग तिला ऐकायला लावलं. खाली पाणी सापासारखं फुसफुसत होतं. पाइप दोघांच्या मध्येच गळत होता. कोणीच चोर नव्हतं.

"मग मिटलं?"

"मिटलं. पंप दोघांकडेही होते."

भाची थांबली. "आणि तू काही बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू? मला दिसलेच नाहीत. पण मला दिसले नाहीत हे त्यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी दोघांनीही काढून टाकले."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते भाचीला कळेना. तिने लिहिलं, चोवीस, सहा फेरे. पण मनात मात्र हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला चालणं बरं वाटलं. ऊन कोवळं होतं, मागे राहिलेल्या गल्ल्यांतून बादल्यांचे आवाज येत होते, आणि आपण पुढे चालतोय नि मागे घरं जागी होतायत, हे तिला देवळातले दिवे एकेक करून लावत गेल्यासारखं वाटलं. मावशीला ती तसं म्हणाली नाही. मावशी म्हणाली असती, दिवे नव्हे बाई, नळ.

तेहेतीस नंबर झाला आणि मावशी सरळ पस्तिसाकडे वळली. भाचीने यादी पाहिली. चौतीस, छापखान्यामागे.

"मावशी, चौतीस राहिला."

"तो रोजचा नाही. मोठ्या पाइपाचा आहे. दुरुस्ती असेल तेव्हाच बंद करायचा."

"पण वहीत तर हवा."

"हवाच," मावशी म्हणाली. "तो शेवटी." आणि पुढच्या दोन झाकणांपाशी ती नुसते आकडे सांगत गेली. एरवी तिची जीभ चावीपेक्षा जास्त फिरते.

बावन्नावं झाकण झालं तेव्हा साडेदहा वाजले होते. दोघी उलट्या पावली छापखान्याच्या मागच्या बोळात आल्या. आतून यंत्राचा खडखडाट येत होता आणि शाईचा वास. बोळात तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर आडवी. ऑफिसातले जुने फिटर. मावशी त्यांना दादा म्हणे, भाची काका.

"आज चावीबरोबर वहीपण आली वाटतं," फिटर म्हणाले. "शहाणे, निघालीस ना शनिवारी?"

"निघाले दादा. त्याआधी चौतीसचं लिहून घ्यायचंय."

फिटरांचं हसू जरासं मावळलं. "काय लिहायचंय त्यात? उलटा आहे, एवढं लिही म्हणजे झालं."

भाचीने लगेच लेखणी काढली. मावशीने झाकणावरची धूळ पायाने बाजूला सारली आणि तिला समजावलं. बाकीचे एक्कावन्न व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. हा एकटा उजवीकडे फिरवला की उघडतो. कोण्या जमान्यात कुठून आणून बसवला, देव जाणे. भाचीने शेऱ्यात लिहिलं, उलटा. एक शब्द. रकान्यात अगदी नीट बसला. सकाळपासूनचा पहिला.

मावशीने वही वाकून पाहिली. "हेच लिहिलेलं होतं," ती म्हणाली.

"कशात?"

"जुन्या वहीत. मी कामाला लागले तेव्हा. मी वाचलं होतं ते. सगळी वही मला तोंडपाठ होती. झोपेतून उठवून कोणी विचारलं असतं, तर चौतीस उलटा म्हणून सांगितलं असतं."

मग ती ओट्यावर बसली आणि तिने सांगितलं. कामाचं दुसरं वर्ष होतं. या बोळाच्या पुढे मोठ्या पाइपाचा जोड बदलायचा होता आणि खड्ड्यात हे दादा उतरले होते. चौतीस त्यांनीच बंद केला होता, पण थोडं पाणी झिरपत होतं. खड्ड्यातून त्यांनी हाक मारली, आणखी दोन फेरे आवळ. तिने चावी बसवली आणि सवयीच्या हाताने उजवीकडे फिरवली. झटक्यात दोन फेरे. पाणी वाढलं. तिला वाटलं, पुरतं बंद झालं नाही. म्हणून तिने आणखी जोर लावला. पाणी आणखी वाढलं. तिने आणखी आवळलं.

"जितकं पाणी जास्त, तितकी मी घट्ट बंद करत होते," मावशी म्हणाली. "डोक्यात एवढंच, की मी तर बरोबर करतेय, मग हे पाणी का ऐकत नाही. हे खालून ओरडत होते, उलटं, उलटं. मला ऐकूच येईना. कान होते, पण हातात गेले होते सगळे."

सुटा पाइप पाण्याने फेकला गेला आणि फिटरांच्या घोट्यावर बसला. तीन महिने ते घरी होते. पाय आजही वाकडा पडतो.

भाचीला हे घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, की ऑफिसात काय झालं.

"काय होणार?" फिटर म्हणाले. "साहेब आले खाटेपाशी. मी म्हटलं, जोड निसटला. लिहून घेतलं त्यांनी."

"यांच्या कामात ढिलाई म्हणून लिहून घेतलं," मावशी म्हणाली. "हेडफिटर व्हायचे होते त्या वर्षी. झाले नाहीत. मला ते कळलं पाच वर्षांनी. मला त्या दिवशी कोणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. घरी पोर होतं. तोंडाला कुलूप लावलं."

फिटरांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. त्यांना हे बोलणं आवडत नव्हतं, हे दिसत होतं. एवढ्या वर्षांनी गाडलेलं कशाला उकरायचं, असं ते पुटपुटले. मग भाचीकडे वळून म्हणाले, "हिला वाटतं मी उपकार केले. मी हिशेबी माणूस. खरं सांगितलं असतं तर ही घरी बसली असती आणि हिच्या जागी कोणी नवा आला असता, ज्याच्या हातून अजून एकही चूक झालेली नाही. त्याची पहिली चूक पुन्हा माझ्याच दुसऱ्या पायावर. ही तर शिकलेली होती. एका पायाच्या मोलाने मला शहाणी बाई मिळाली होती, ती सोडू होय?"

"शहाणी म्हणून चिडवतात ते तेव्हापासून," मावशी म्हणाली, आणि दोघंही हसले.

परत कामावर आल्यावर फिटर तिला रागावले नव्हते. एवढंच म्हणाले होते, की आधी पाव फेरा. मग थांब. मग कान लाव. पाणी काय म्हणतंय ते ऐक, तू काय ठरवलंयस ते नको ऐकूस. त्या दिवसापासून आजच्या सकाळपर्यंत मावशीने एकही व्हॉल्व्ह दुसऱ्या पद्धतीने उघडला नव्हता, मग तो कितीही ओळखीचा असो. भाचीने एक्कावन्न वेळा तिला डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि तिला वाटलं होतं, ही हुशार बाईची सवय आहे. आता तिला कळलं, की ते रोज एक्कावन्न वेळा आठवणं आहे.

"तर हे लिही," मावशी म्हणाली.

भाचीचा हात थांबला. तिने मावशीला समजावायचा प्रयत्न केला. शनिवारी निरोपाचा कार्यक्रम आहे, साहेब चार शब्द बोलणार आहेत, एकोणतीस वर्षांत एक डाग नाही असं बोलणार आहेत, त्यांचं भाषण तिनेच लिहून दिलंय. सरकारी वहीत हे गेलं की चौकशी निघेल. कोणीतरी म्हणेल, इतकी वर्षं लपवलं. उलटा म्हणून लिहिलंय ना, तेवढ्याने काम भागतंय. नवी मुलगी हुशार आहे, परीक्षेत पहिली आली आहे, वाचेल ती.

"वाचेलच," मावशी म्हणाली. "पाठही करेल. मीही केलं होतं. तिला चौतीस उलटा आहे हे ठाऊक असेल, आणि ठाऊक आहे म्हणूनच ती थांबणार नाही. एक शब्द डोळ्याखालून जातो, पोरी. वाकडा पाय जात नाही."

"आणि चौकशी?"

"निघू दे. विचारलं तर सांगेन. त्या वेळी विचारलं नाही, हीच काय ती चूक झाली त्यांची." मग फिटरांकडे बघून, "दादांच्या नावापुढचं ढिलाई खोडलं जाईल, तेवढी चौकशी तरी व्हावीच."

 फिटर काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत छापखान्याच्या भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "लिही गं, मुली. ही ऐकायची नाही. फक्त घोटा डावा होता, तेवढं बरोबर लिही."

भाचीने वहीकडे पाहिलं. आखलेले सरळ रकाने, आणि त्यात बसलेला तो एकच नेटका शब्द. तिला आपला निबंध आठवला, त्यातला तो कधीच न चुकणारा माणूस आठवला, आणि आपल्याला त्याचा किती अभिमान होता तेही आठवलं. तिला लाज वाटली असं नाही. बरंच वाटलं. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं. मनातल्या मनात तिने देवाचं नाव घेतलं आणि आखलेली पानं संपतात तिथपर्यंत वही उलटली. समोर कोरं पान आलं, बिनरकान्याचं. तिने वर चौतीस लिहिलं आणि मावशीने सांगितलं तसं सगळं उतरवून घेतलं. दोन फेरे, जोर, डावा घोटा, निसटलेला जोड नव्हे तर फिरवणारीचा हात. मावशीचं पूर्ण नाव घातलं. खाली पाव फेऱ्याचा नियम घातला, तो कोणाचा तेही घातलं. पान जवळजवळ भरलं.

मावशीने ते वाचून घेतलं, एकदा मनात, एकदा दादांना ऐकू जाईल असं. मग चावी उचलून खांद्यावर टाकली आणि दोन पावलं चालून पुन्हा मागे आली.

"एक कर," ती म्हणाली. "खाली आठ-दहा ओळी राहिल्यात त्या भरू नकोस. तशाच कोऱ्या ठेव. आणि सोमवारी तिला वही देशील तेव्हा सांग, त्या ओळी तिच्या आहेत म्हणून. चुकेल तेव्हा लिहायला. सांगशील ना?"